मुंगीच्या आठवणीतली हवा

चौथ्या तासाला पद्मजा मगदूमला वर्ग नसायचा. त्या तासात तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं, लॅपटॉप उघडला आणि कोथळेवाडीतल्या सगळ्या मुंग्यांना एकच हुकूम सोडला: आजवर जे शिकलात ते विसरा.

मग ती पडद्याकडे बघत बसली. गावाच्या नकाशावर प्रत्येक पेवाचा एक हिरवा ठिपका होता. हुकूम एका मुंगीकडून शेजारच्या मुंगीकडे, तिच्याकडून पुढच्या मुंगीकडे असा सरकत गेला आणि नदीच्या बाजूनं ठिपके एकेक करत लाल होऊ लागले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा नकाशावर एकही हिरवा ठिपका उरला नव्हता. याचा अर्थ सरळ होता. गेले कित्येक महिने या पेवांमध्ये माणूस जागच्या जागी मरेल अशी हवा होती आणि मुंग्या खुशाल सांगत होत्या की हवा छान आहे.

चारच दिवसांपूर्वी यातल्या एका पेवात सिद्धू कोळेकर उतरला होता. त्याला वर ओढून काढला तेव्हा तो गेलेला होता.

सांगलीकडच्या माणसाला पेव म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. जमिनीच्या पोटात खणलेला हा एक प्रचंड रांजण. तोंड इतकं अरुंद की माणूस जेमतेम आत सरकेल आणि खाली पोट खोलीएवढं. कडेनं उसाचा पाला आणि चटया लावायच्या, आत हळद भरायची आणि तोंड फरशीनं आणि चिखलानं लिंपून टाकायचं. आतली हळद आणि तिच्यावरचे डोळ्यांना न दिसणारे जीव मिळून पेवातला प्राणवायू संपवून टाकतात. उरतो तो कार्बन डायऑक्साइड. कीड गुदमरून मरते आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. अडचण एवढीच की जी हवा किडीला मारते ती माणसालाही सोडत नाही. तिला रंग नाही, वास नाही. जड असल्यामुळे ती तळाशी बसून राहते.

मधल्या काळात पेवं बुजली होती. मग उन्हाळे असे काही तापायला लागले की शीतगृहांची विजेची बिलं बघून व्यापाऱ्यांना घाम फुटू लागला. त्यात परदेशी गिऱ्हाइकाला औषधाची धुरी न दिलेली हळद हवी झाली. जमिनीच्या गारव्याला बिल येत नाही हे सगळ्यांना एकदम आठवलं आणि नदीकाठची पेवं पुन्हा उकरली गेली.

पेवात उतरायची जुनी रीत होती. तोंड उघडून एक रात्र तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. तेवत राहिला तर उतरणारा कमरेला दोर बांधून तोंडाशी बसतो आणि विचारतो, "जाऊ?" दोरवाला म्हणतो, "जा." हा शब्द फक्त दोरवाल्यानं द्यायचा. पेवाच्या मालकानंही मध्ये तोंड घालायचं नाही. आणि खाली काही बरंवाईट झालं तर त्याचा धनी तो एकटा दोरवाला.

पद्मजा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी तारांना डाग देत बसायची. डाग म्हणजे सोल्डरिंग. नवऱ्यानं तिला साडी घेऊ का विचारलं तर ही बॅटऱ्या मागायची. अंगठ्याच्या नखाएवढ्या, खेळण्यातल्या म्हणाव्यात अशा संगणकांना तिनं तापमान, ओल आणि कार्बन डायऑक्साइड मोजायची यंत्रं जोडली. जमिनीखालून रेडिओचा आवाज बाहेर येत नाही, म्हणून एक तार पेवाच्या तोंडापर्यंत आणून तिथे छोटी अँटेना लावली. तासाला एकदा जागं व्हायचं, मोजायचं, आकडा शेजारणीच्या कानात सांगायचा आणि पुन्हा झोपायचं. असं करत आकडे गावच्या सोसायटीपर्यंत पोचायचे. ना मोबाइलचा टॉवर लागला ना वायर. गावानं त्यांना मुंग्या म्हणायला सुरुवात केली, आणि त्यात गावाचं काही चुकलं नाही. हवा वाईट असेल तर सभासदांच्या फोनवर लाल ठिपका, चांगली असेल तर हिरवा. हळूहळू कंदील माळ्यावर गेले. पेव रात्रभर उघडं ठेवणंही गेलं. हिरवं दिसतंय, मग थांबायचं कशाला?

आता चूक कुठे झाली ते.

कार्बन डायऑक्साइड मोजायचं स्वस्त यंत्र म्हणजे एक बारीक नळी असते. तिच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला त्या दिव्याचा उजेड मोजणारा डोळा. मधल्या हवेत तो वायू जास्त असेल तर तो उजेड खातो आणि डोळ्यापर्यंत कमी पोचतो. पण दिवा महिन्यांमागून महिने मंद होत जातो आणि आकडे भरकटतात. त्यावर बनवणाऱ्यांनी एक युक्ती करून ठेवलेली असते. यंत्र दर आठवड्याचा सगळ्यांत कमी आकडा बघतं आणि ती बाहेरची ताजी हवा होती असं धरून स्वतःला जुळवून घेतं. घरात, शाळेत, कचेरीत हे चालतं, कारण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी खिडकी उघडतंच.

पेवाला खिडकी नसते. मुंगी महिनोन्‌महिने एकाच घुसमटीत बसून होती. आठवड्यामागून आठवडे ती स्वतःची समजूत घालत गेली की यातली जी काही हवा त्यातल्या त्यात बरी, तीच ताजी. ही युक्ती बंद करायची सोय होती. एका ओळीचं काम होतं. पद्मजानं ती ओळ लिहिली नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे तिला लक्षण दिसलं होतं. बंद पेवांमधले आकडे आपोआप उतरत होते. कुणालाही शंका यावी अशी ती गोष्ट. पद्मजालाही आली. पण पेवातली ओल आणि तापमान जराही हललं नव्हतं, म्हणजे पेव कुठे फुटलं नव्हतं. मग तिनं स्वतःच एक सुंदर उत्तर शोधून काढलं: काही महिन्यांनी हळद श्वास घ्यायची थांबते आणि आतला वायू नदीकाठची ओली माती हळूहळू पिऊन टाकते. हळद झोपते, असं तिनं पुण्याच्या एका परिषदेत सांगितलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सोसायटीनं तर पोत्यांवर 'झोपलेली हळद' असं छापून ती तिकडे युरोपात चढ्या भावानं विकली. इतकं कौतुक झाल्यावर आकड्यांवर संशय कोण घेतो?

ज्या दिवशी सिद्धू गेला त्या दिवशी दोर त्याचा थोरला भाऊ मारुती धरून होता. व्यापाऱ्याचा विजेवरचा ट्रक वाट बघत उभा होता. मारुतीनं पद्मजाला फोन केला. पेव त्या हंगामात प्रथमच उघडत होतं, म्हणून आपलं विचारावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"बाई, हिरवं दिसतंय. कंदील घरी ऱ्हायलाय. आणू काय?"

ती विभागाच्या बैठकीत होती. फोन तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, "हिरवं आहे ना मारुतीमामा? मग कशाला कंदील. उतरवा."

आणि तिनं फोन ठेवला.

मुंग्यांना हुकूम सोडून झाल्यावर तिनं ती राहिलेली ओळ लिहिली आणि सोसायटीच्या सगळ्या सभासदांना संदेश पाठवला. 'तांत्रिक सुधारणा केली आहे. यापुढे ठिपका लाल असताना कुणीही उतरू नये. पेव उघडून एक दिवस थांबावे.' संदेशात खोटं काहीच नव्हतं. तो लिहायला तिला अख्खी संध्याकाळ लागली, ती याचमुळे.

दुसऱ्या दिवशी ती सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब चौगुले यांच्याकडे गेली आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. आप्पासाहेबांनी चहा मागवला, पंखा वाढवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आता दुरुस्त झालं न्हवं?"

"झालं."

"मग झालं तर. असं बघा मॅडम, हे बाहेर गेलं तर गाव उद्याच्या उद्या मुंग्या उपटून नदीत टाकंल. पुढच्या साली कुणीतरी कंदील इसरून उतरंल आन मरंल. त्याचं पाप कुणाच्या डोक्यावर? आन झोपलेल्या हळदीचं काय? बायामाणसांच्या दोनशे बचत गटांचं पोट हाय तिच्यावर."

"पण लोक मारुतीमामांना बोलतायत."

"बोलतील. चार दिवस बोलतील आन इसरतील. दोरवाल्याला बोल लागतोच, ही काय नवी गोष्ट न्हाई."

परत येताना पद्मजाला हलकं वाटलं. खरं सांगायचं तर ती हेच ऐकायला गेली होती, आणि हे तिला स्कूटर गल्लीतून बाहेर काढायच्या आत कळलं. हलकं वाटल्याची लाज वाटली. लाज वाटूनही ती गप्प राहिली.

लोक विसरले नाहीत. पेवाच्या तोंडाशी मारुती फोनवर बोलताना दोघातिघांनी पाहिला होता. भाऊ खाली उतरत होता आणि हा कानाला फोन लावून उभा होता, अशी गोष्ट झाली. मग तो फोनवर हसत होता असं झालं. मग दोर ढिला पडला तरी त्याचं ध्यानच नव्हतं, असं झालं. फोन कुणाला केला होता हे दोघांनाच माहीत होतं. मारुतीनं ते कुणालाही सांगितलं नाही. पद्मजा ते नाव आज बाहेर येईल, उद्या येईल म्हणून धास्तावून राहिली, आणि येत नाही हे बघून तिला जास्तच वाईट वाटू लागलं.

सिद्धूची बायको छाया हिनं मारुतीला दार बंद केलं. तो रोज सकाळी जायचा, दारासमोर उभा राहायचा आणि माघारी फिरायचा. गावात कुणी आता त्याच्या हातात दोर देत नव्हतं. कॉलेजचा शिपाई कोथळेवाडीचाच होता. तो हे सगळं पद्मजाला चवीनं सांगायचा. ती "अरेरे" म्हणायची आणि फळ्याकडे वळायची.

एका दुपारी मारुती स्वतःच कॉलेजात आला. चप्पल दाराबाहेर काढून तो प्रयोगशाळेत शिरला. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी नव्हती. आता हा जाब विचारणार, असं पद्मजाला वाटलं.

"बसा मामा."

"बसाय न्हाई आलो." तो उभाच राहिला. "बाई, येक इचारायचं हुतं. त्या मशिनीत त्या दिवशीचं समदं ऱ्हातंय न्हवं?"

"राहतं."

"मग मला बघून सांगा. सिद्धू खाली गेल्यावर मी दोर कवा वडला? उशीर केला का मी? लोक म्हंत्यात, माझं ध्यान न्हवतं. मला वाटतंय हुतं. पन आता मलाच कळंना झालंय. रोज ते आटवतो, आन रोज मी जरा जास्त उशीर केलेला आसतोय."

हा माणूस पद्मजाकडे स्वतःच्या अपराधाचा पुरावा मागायला आला होता.

"उशीर नाही झाला मामा. त्या हवेत दोन श्वास पुरतात. तुम्ही कितीही लवकर ओढलं असतं तरी..."

"मन राखाय बोलताय तुमी." तो दाराकडे वळला. "ऱ्हाऊ द्या. शिकल्याली मानसं अशीच बोलत्यात."

तो गेला असता तर प्रश्न मिटला असता. पद्मजाला हे स्पष्ट दिसत होतं आणि म्हणूनच ते सहन होईना.

"मामा, थांबा. काहीतरी दाखवते."

तिनं कपाटातून एक मुंगी काढली. सिद्धूच्या पेवातली. सगळ्या मुंग्यांना विसरायला लावण्याआधीच हिला तिनं पेवातून काढून, बॅटरी सोडवून बाजूला ठेवलं होतं. का ठेवलं हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. मोठ्या काचेच्या बरणीत तिनं खायचा सोडा टाकला, त्यावर व्हिनेगर ओतलं. फेस वर आला आणि बसला. मेणबत्तीचं एक थोटूक तारेला अडकवून तिनं बरणीत सोडलं. ज्योत तळापर्यंत पोचलीच नाही, मध्येच विझली.

"ही पेवातली हवा," ती म्हणाली. "आता हे बघा."

तिनं बॅटरी लावून मुंगी बरणीत सोडली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. दोघं थांबले. पडद्यावर ठिपका उमटला. हिरवा.

मारुतीनं बरणीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा बरणीकडे.

"बिघडलीया व्हय ही?"

"बिघडली नाही. मी तिला एक गोष्ट सांगायला विसरले. बंद पेवात राहून तिला तीच हवा चांगली वाटायला लागली. सगळ्याच मुंग्यांचं तसं झालं होतं. त्या दिवशी ठिपका लाल असायला हवा होता. तुम्ही कंदील आणू का विचारलंत तेव्हा मी नको म्हटलं. कंदील आणला असतात तर विझला असता. सिद्धू माझ्यामुळे गेला, मामा. तुमच्यामुळे नाही."

ती एवढं एका दमात बोलली आणि मग तिला स्टूलवर बसावं लागलं. ती रडत होती. मारुती रडत नव्हता. तो बरणीत बघत होता.

"लाल दिसलं असतं तर मी 'जा' म्हनलो नसतो," तो म्हणाला.

"नसता म्हणालात."

"मग त्यो आज आसता."

"हो."

तिला वाटलं, आता तो ओरडेल. बरणी फोडेल. निदान शिवी देईल. त्यातलं काहीही तिनं आनंदानं घेतलं असतं. तो फक्त म्हणाला, "ह्ये मला सांगून काय उपेग न्हाई. छायाला सांगा."

ती त्याला स्कूटरवर मागं बसवून कोथळेवाडीला घेऊन गेली. पुलावर तिला एकदा वाटलं, आप्पासाहेबांना फोन करून निदान कल्पना द्यावी. मग ती स्वतःवरच चिडली. पुन्हा कुणीतरी थांबवावं म्हणूनच तो फोन होता.

गल्लीतल्या बायकांनी मारुतीला बघून तोंडं फिरवली. छायाचं दार बंद होतं. त्यानं कडी वाजवली नाही, सवयीनं दोन पावलं लांब उभा राहिला. पद्मजानं कडी वाजवली.

छाया तिशीतली असेल. दारात पद्मजाला बघून तिनं पदर सावरला, आणि मागं मारुती दिसताच दार पुन्हा लोटू लागली.

"छायाताई, दोन मिनिटं ऐका. त्यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल सांगायचंय."

पद्मजानं सगळं सांगितलं. बरणीबिरणी नव्हती, त्यामुळे सोप्या शब्दांत सांगावं लागलं, आणि सोप्या शब्दांत ते फारच उघडं वाटत होतं. यंत्र चुकलं. ते माझ्या चुकीनं चुकलं. मामांनी मला फोन करून विचारलं होतं, त्यांच्या हातात फोन होता तो त्यासाठी. मी कंदील नको म्हटलं.

शेजारणी आपापल्या दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. आवाज खाली करायचा मोह तिला झाला, पण तिनं तो केला नाही.

छाया तिच्याकडे बघतच नव्हती. ती मारुतीकडे बघत होती.

"दादा, ह्यास्नी फोन केलता ह्ये का न्हाई सांगितलं?"

मारुतीनं मान खाली घातली. "सांगून काय करू? 'जा' म्या म्हनलो. दुसऱ्याचं नाव घिऊन माजा शबूद दुसऱ्याचा हुतोय व्हय?"

"मी तुमाला नगं नगं ते बोल्ली."

"बोलनारच की. तुजा हक हाय."

छायानं पदरानं तोंड पुसलं आणि मग पहिल्यांदा पद्मजाकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग असता तर पद्मजाला बरं वाटलं असतं.

"बाई, मशीन चुकल्यालं तुमाला कवा कळालं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आजच कळलं, असं म्हणता आलं असतं. मारुतीलाही ते खरं वाटलं असतं.

"पंधरवडा झाला," पद्मजा म्हणाली.

"पंधरवडा." छायानं तो शब्द सावकाश उच्चारला. "माझा नवरा गेला ती चूक झाली म्हना. मानसाच्या हातनं चूक हुती. पन त्येच्या मागनं पंधरा दिस ह्यो मानूस रोज माझ्या दारात उभा ऱ्हायलाय आन मी त्येच्या तोंडावर दार लावलंय. गावानं त्येला जितं मारलंय. तवा कुटं हुता तुमी?"

कॉलेजात होते, एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते द्यायची पद्मजाला हिंमत झाली नाही.

छायानं दाराचं दुसरं फळकूटही उघडलं आणि बाजूला सरली.

"दादा, आत या. सकाळपास्नं काय खाल्लं न्हाईसा तुमी, तोंड सांगतंय."

पद्मजाच्या शेजारून, तिला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, मारुती आत गेला. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला, मग तांब्याचा. मग एका म्हाताऱ्या होत चाललेल्या पुरुषाचं मोठमोठ्यानं रडणं.

दार उघडंच राहिलं. पद्मजाला कुणी आत बोलावलं नाही आणि जा असंही कुणी म्हटलं नाही. समोरच्या दारातली एक म्हातारी तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आमाला नीट ऐकू न्हाई आलं. काय झालं म्हनला? परत सांगा की."

पद्मजा वळली, आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.